फंक गिटार शिकायची आहे: आधी रिदम घ्यावा की आधी लीड?

तुम्ही विचारलंय की दोन वर्षं अकूस्टिकवर गाणी वाजवून झाली, बार कॉर्ड (एक बोट तारांवर आडवं दाबून धरलेल्या) जमतात, पेंटॅटॉनिक म्हणजे पाच सुरांची सरगम पाठ आहे, आता इलेक्ट्रिक घेतलीय. पण फंक, म्हणजे ते ठेक्यावर चालणारं अमेरिकन नाचाचं संगीत, वाजवायला गेलं की तो 'चका-चका' आवाज काही निघत नाही आणि सोलो घेतला की तो ब्लूजसारखाच वाटतो. म्हणून आधी रिदम (कॉर्डचा ठेका) पक्का करावा की लीड (एकेका सुराची चाल, सोलो), असा तुमचा प्रश्न आहे.

माझं उत्तर असं की फंकमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या शिकायच्याच नसतात. दोन्ही उजव्या हातातून येतात, आणि तुमच्या दोन्ही अडचणींचं मूळही तिथेच असणार. (डावखुरे असाल तर हात उलटे समजून घ्या.) मी गेली बारा-तेरा वर्षं हे वाजवतेय. त्यातली पहिली दोन वर्षं माझं सगळं लक्ष डाव्या हाताकडे होतं, नवनवीन कॉर्ड गोळा करण्याकडे. तो वेळ तुमचा वाचावा म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिला आठवडा एकही सूर वाजवू नका. एका मात्रेचे चार भाग करा आणि तोंडाने म्हणा: त क धि मि. 'त' आणि 'धि' वरून खाली, 'क' आणि 'मि' खालून वर. अशा चार मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे सोळा फटके. हात एकदाही थांबवायचा नाही. पीठ चाळताना मनगट कसं सैल आणि न थांबता चालतं, तसं. कोपरातून हात मारलात तर दोन मिनिटांत दंड भरून येईल आणि आवाजही जड होईल. पिक घट्ट धरू नका आणि तारांमध्ये खोल घालू नका, नुसतं टोक घासून गेलं पाहिजे.

डावा हात या वेळी तारांवर अलगद ठेवलेला असतो, दाबलेला नसतो. इथे एक बारीक गोष्ट आहे जी मला कुणी सांगितली नव्हती. एकाच बोटाने तारा मिटल्या, म्हणजे हलकं टेकून त्यांचा सूर बंद केला, आणि ते बोट नेमकं पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) असलं, तर 'खट' ऐवजी घंटेसारखा हार्मोनिक वाजतो आणि सगळा ठेका घाण होतो. म्हणून कमीत कमी दोन बोटं, शक्यतो तीन, तारांवर आडवी टेकवा. मग कुठल्याही फ्रेटवर स्वच्छ, कोरडा 'खट' मिळेल. सोळाच्या सोळा फटके सारखे, आणि फक्त पहिल्या 'त'ला थोडं वजन.

त्या पहिल्या 'त'बद्दल थोडं सांगायलाच हवं. अमेरिकन गायक जेम्स ब्राउनने 1965 च्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटमध्ये 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग' ध्वनिमुद्रित केलं, आणि फंकची गोष्ट बरेच जण तिथून सुरू करतात. तोवर त्या संगीतात सगळं वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असायचं. ब्राउनने ते पहिल्या मात्रेवर आणलं. त्याचे वादक तिला नुसतं 'द वन' म्हणायचे. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. बैठकीत श्रोत्यांच्या माना जिथे एकदम डोलतात ती सम म्हणजेच हे. कितीही आडवंतिडवं वाजवा, पण समेवर सगळ्यांनी एकत्र यायचं. फरक इतकाच की फंकमध्ये सम दर चार मात्रांनी येते आणि संपूर्ण बँड तिच्यावर अक्षरशः उडी मारतो. स्नेअर (ड्रमसेटमधला कडक वाजणारा ड्रम) मात्र दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरच राहतो. या ओढाताणीतूनच नाचावंसं वाटतं.

त्या गाण्यावर गिटार आहे जिमी नोलनची. त्याच्या वाजवण्याला 'चिकन स्क्रॅच' हे नाव पडलं, कारण कोंबडी अंगणात माती उकरते तसा तो आवाज. उजवा हात ब्रिजजवळ अखंड चालू, आणि डावा हात कॉर्ड क्षणभर दाबतो न दाबतो तोच सोडून देतो. वर सांगितलेला आठवडा झाला की हेच करायचंय.

कॉर्ड घ्या ई नाइन (सगळ्यात बारीक तार पहिली धरून): पाचवी तार सातव्या फ्रेटवर, चौथी सहाव्या, आणि तिसरी-दुसरी-पहिली तिन्ही सातव्या फ्रेटवर अनामिकेने आडव्या दाबून. सोळा खटांमधला फक्त पहिला 'त' दाबून वाजवा, बाकी पंधरा मिटलेले. ते सहज व्हायला लागलं की दुसऱ्या मात्रेचा 'मि' उघडा. मग चौथ्या मात्रेचा 'क'. उजव्या हाताला यातलं काही कळताही कामा नये, तो पीठ चाळतोच आहे. कुठला फटका सूर होणार आणि कुठला खट राहणार हे फक्त डावा हात ठरवतो. जमलं तर एकदा कॉर्ड एक फ्रेट वरून घसरवत सातव्यावर आणून बघा. तो आवाज ऐकल्यावर तुमचं तुम्हालाच कळेल की आपण कुठे पोचलोय.

माझी गाडी इथेच अडली होती. फटके बरोबर होते, जागा बरोबर होत्या, तरी काहीतरी चुकत होतं. तेव्हा मी नाशिकला एका हौशी बँडमध्ये वाजवायचे, आणि आमच्याकडे ऑक्टोपॅडवर एक काका होते, ज्यांनी पंचवीस वर्षं गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्रा वाजवला होता. एका तालमीत त्यांनी मध्येच हात थांबवला आणि म्हणाले, "अगं, तुझी कॉर्ड माझ्या स्नेअरवर सांडतेय." मला आधी समजलंच नाही. घरी जाऊन तालमीचं फोनवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. खरंच, पहिल्या मात्रेला वाजवलेली कॉर्ड दुसऱ्या मात्रेच्या स्नेअरपर्यंत घरंगळत जात होती. मी कॉर्ड कधी सुरू करायची हे शिकले होते, कधी संपवायची हे नाही.

उपाय सोपा आहे, सवय लागायला मात्र महिना लागतो. वाजवल्याबरोबर डाव्या हाताचा जोर काढून घ्यायचा, पण बोटं तारांवरच ठेवायची. बोटं उचललीत तर मोकळ्या तारा गुणगुणायला लागतात. जोर काढला की तार फ्रेटपासून केसभर वर येते आणि सूर तिथल्या तिथे मरतो. अंगठ्याकडे लक्ष द्या, दाब तोच देतो आणि सोडायचाही त्यानेच. एकच कॉर्ड घेऊन ती एका मात्रेइतकी लांब, मग अर्ध्या मात्रेइतकी, मग पाव मात्रेइतकी वाजवत राहा. मी अजूनही तालमीआधी पाच मिनिटं हेच करते.

दुसरं, सहाही तारा वाजवू नका. तिथे बास आहे, की-बोर्ड आहे, त्यांची जागा त्यांना असू द्या. नाइल रॉजर्स ऐका: त्याच्या शीक या बँडचं 1978 चं 'ल फ्रीक', 1979 चं 'गुड टाइम्स'. हा माणूस आधी जॅझ गिटार वाजवायचा. त्याचा बासवादक मित्र बर्नार्ड एडवर्ड्सने त्याला स्ट्रॅटोकास्टर घ्यायला लावली आणि हे खटखट वाजवणंही दाखवलं. त्याच्या हातात कॉर्डची दोन-तीन तारांची तुकडी सतत बदलत असते, कधी वरच्या तारा, कधी मधल्या. त्यामुळे कॉर्ड एकच असली तरी आत एक चाल ऐकू येते.

आता तुमच्या लीडकडे वळते, आणि त्यासाठी एक छोटी गंमत हातात देते. चौथी, तिसरी, दुसरी, पहिली या चारही तारा पाचव्या फ्रेटवर दाबा. हा झाला ए मायनर सेव्हन. आता चौथ्या तारेवरचं बोट फक्त एक फ्रेट मागे, चौथ्यावर आणा. बासवाला खाली 'डी' वाजवत असेल तर हाच झाला डी नाइन. एक सूर, तोही फक्त अर्ध्या स्वराने हलला आणि कॉर्ड बदलली. अनामिकेने वरच्या तीन तारा आडव्या धरा, तर्जनी चौथ्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर ठेवूनच द्या आणि मधलं बोट पाचव्या फ्रेटवर टेकवत-उचलत राहा. या दोन कॉर्डवर अख्खी संध्याकाळ जाते.

हा जो हललेला सूर आहे, एफ शार्प, तोच तुमच्या पेंटॅटॉनिकमध्ये नाही. 'ए'ला सा धरलं तर ए मायनर पेंटॅटॉनिक म्हणजे आपल्या धानी रागाचे स्वर: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. एफ शार्प म्हणजे शुद्ध ध. तो मिळवा, शुद्ध रे मिळवा, की काफी थाट झाला. पाश्चात्त्य लोक त्याला डोरियन म्हणतात. पाचव्या फ्रेटच्या नेहमीच्या खोक्यात (पेंटॅटॉनिकसाठी बोटं ठेवतो त्या जागांत) हा ध तुम्हाला दुसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर मिळेल. डी नाइन चालू असताना त्यावर थांबून बघा, कॉर्डच्या पोटात जाऊन बसतो. सोलो ब्लूजसारखा वाटतो म्हणालात, त्यातलं थोडं कारण हा सूर आहे.

मोठं कारण मात्र वेगळं आहे. सोलो सुरू झाला की बहुतेकांचा उजवा हात पीठ चाळणं सोडतो. सूर आला की फटका, नाही तर हात हवेत. तिथेच फंक संपतो. लीड वाजवतानाही सोळा भाग चालू ठेवा. सुरांच्या मधल्या जागा मिटलेल्या खटांनी भरा, आणि जिथे भरायच्या नाहीत तिथेही हात तारांना न लागता हलू द्या.

याला एक पूल आहे, आणि माझ्या मते फंक शिकणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ त्या पुलावरच घालवावा. जेम्स ब्राउनच्या बँडमध्ये बहुतेक वेळा दोन गिटार असायच्या. एक कॉर्डचे खट वाजवी, दुसरी तळहाताने तारा अर्धवट मिटून तीन-चार सुरांची एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राही. ती ओळ रिदम आहे की लीड? दोन्ही आहे. न्यू ऑर्लिन्सच्या द मीटर्स या बँडचा गिटारवादक लिओ नोसेंटेली यातला माझा सगळ्यात आवडता. 1969 चं 'सिसी स्ट्रट' काढून ऐका, गाण्यात शब्द नाहीत. मुख्य चाल गिटार आणि जॉर्ज पोर्टरचा बास दोघं मिळून वाजवतात, आणि झिगाबू मॉडेलिस्टचे ड्रम त्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत बोलतात. त्या मोकळ्या जागा मोजत ऐका. तिथे काहीही न वाजवण्याचं धैर्य यायला मला फार वेळ लागला.

तर करायचं असं. फोनवर ए मायनर सेव्हन आणि डी नाइनचे खट पाच मिनिटं रेकॉर्ड करा. मग त्यावर फक्त दोन सूर घेऊन ओळ बांधा. वाजवायच्या आधी ती तोंडाने म्हणा, बोलांत: "त - - मि, - क - -" अशी. म्हणता आली नाही तर ती ओळ वाजवू नका. दोन सुरांत पाच-सहा वेगळ्या ओळी झाल्या की तिसरा सूर घ्या. नंतर दोन आवर्तनं रिदम, दोन आवर्तनं लीड असं आलटूनपालटून, मध्ये हात न थांबवता. लीडच्या ओळीची सुरुवात दर वेळी समेवर करू नका, ती जागा बँडची आहे; 'क'वर किंवा 'मि'वर शिरा आणि समेच्या आधीच बाहेर पडा. तार ओढलीत तर सूर गाठल्याबरोबर कापा. ब्लूजमध्ये तोच सूर आपण लांबवतो आणि कंपन देतो, ती सवय इथे आडवी येते.

याला अपवाद आहेच. फंकडेलिक या बँडचा गिटारवादक एडी हेझल 1971 मध्ये 'मॅगॉट ब्रेन'वर दहा मिनिटं असा सोलो वाजवून गेलाय की त्यात यातला एकही नियम लागू होत नाही. तुझी आई गेल्याचं आत्ताच कळलंय असं समजून वाजव, असं आपण त्याला सांगितलं होतं, ही हकीकत बँडचा प्रमुख जॉर्ज क्लिंटननेच सांगितलेली आहे. ते जरूर ऐका, रात्री, एकटे असताना. पण त्याच्यामागे लागण्याआधी दोन सुरांची ओळ पक्की होऊ द्या.

सामानाचं थोडक्यात सांगते. नवीन काही घ्यायची गरज नाही. सिंगल कॉइल पिकअप असेल तर उत्तम, नसेल तर गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी करा. अँप स्वच्छ, डिस्टॉर्शन बंद, बेस कमी. पिक पातळ ते मध्यम, 0.60 ते 0.73 मिलिमीटर. कॉम्प्रेसर आणि वाह (आवाज बदलणारी पेडल्स) पहिले सहा महिने लांब ठेवा, ते चुका झाकतात. आणि मनगटाच्या वर आग व्हायला लागली तर लगेच थांबा, उद्या वाजवा. मी एकदा दुखणं रेटलं आणि तीन आठवडे गिटारला हात लावता आला नव्हता.

मेट्रोनोम (मात्रेची टिकटिक देणारं यंत्र किंवा फोनवरचं अ‍ॅप) मिनिटाला 65-70 मात्रांवर लावा. घाई नको. बरीच फंक गाणी 100 च्या आसपास चालतात, तिथे आपोआप पोचाल. सुरुवातीला प्रत्येक मात्रेला टिक असू दे, मग दुसऱ्या आणि चौथ्यालाच, आणि शेवटी आवर्तनात फक्त एकच, समेवर. तुमचा फटका टिकच्या अगदी नेमका वर पडला की टिक त्याच्याखाली झाकली जाते आणि ऐकूच येत नाही. माझ्याबाबतीत हे पहिल्यांदा झालं तेव्हा फोनची बॅटरी संपली असं वाटून मी वाजवणं थांबवलं होतं. थांबल्याबरोबर टिक पुन्हा ऐकू आली.