पोस्टडॉकला जाताय ना, मग शाळेचं आणि सॅम्पलचं आधी बघा

तुम्ही विचारलंय की एन्व्हायर्नमेंटल टॉक्सिकॉलॉजीत, म्हणजे पर्यावरणातल्या विषारी रसायनांच्या अभ्यासात, पीएचडी झालीय, परदेशात २ वर्षांची पोस्टडॉक (पीएचडीनंतरची मुदतीची संशोधनाची जागा) मिळतेय, मुलगी ७ वर्षांची आहे, तर जावं का. मी ११ वर्षांपूर्वी अशीच निघाले होते, मुलगी पण तेवढीच होती, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचल्यापासून डोक्यातून जातच नाहीये. व्हिसाचं, फेलोशिपचं सगळं सरकारी साइटवर मिळेल, ते लिहीत नाही.

आधी सॅम्पल. पीएचडीतला नदीचा गाळ आणि माशांची यकृतं मी नव्या लॅबला पाठवली, तिथं चांगलं मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अगदी थोडं रसायनही मोजणारं यंत्र, होतं म्हणून. उणे ८० अंशांत जपलेल्या ऊती, वाटेत फक्त ड्राय आइसचा आधार, आणि तो तर हवेत उडून जातो. पार्सल कस्टम्समध्ये अडकलं कारण एका फॉर्मवर माशाचं शास्त्रीय नाव नव्हतं, ९ दिवसांनी सुटलं तेव्हा सगळं वितळून कुजलं होतं. ४ वर्षांची मेहनत. तुम्ही निघायच्या आधी आताच्या लॅबमध्येच सॅम्पलमधून रसायनांचा अर्क काढून मोजून घ्या आणि कच्चा डेटा कोण वापरू शकतं ते गाइडकडून लेखी घ्या, तोंडी नको.

मग कागदपत्रं. ओईसीडी या देशांच्या संघटनेची १९८१ पासूनची व्यवस्था तुम्हाला माहीतच असेल, ठरलेल्या गाइडलाइनप्रमाणे आणि जीएलपी (लॅबच्या कामाचे ठरलेले दर्जाचे नियम) पाळून एका सदस्य देशात टेस्ट झाली की दुसऱ्यानं तो डेटा मान्य करायचा, म्हणजे तेच प्राणी पुन्हा मारावे लागत नाहीत. डेटा चालतो, माणूस चालत नाही. माझं मासे हाताळायचं ट्रेनिंग तिथं धरलंच नाही, पुन्हा कोर्स, पुन्हा परीक्षा, ४ महिने मी टाकीला हात लावू शकले नाही आणि काँट्रॅक्टचे दिवस मात्र संपत होते.

त्या ४ महिन्यांची भरपाई म्हणून मी डॅफ्नियाची, म्हणजे गोड्या पाण्यातल्या बारीक जीवांची, २१ दिवसांची प्रजनन टेस्ट लावली, रसायनामुळे पिल्लं कमी होतात का ते बघणारी. २४ तासांच्या आतली पिल्लं घ्यायची, आठवड्यातून निदान ३ वेळा पाणी बदलायचं, रोज नवी पिल्लं मोजून काढायची, शनिवार-रविवार काही नाही. त्याच २१ दिवसांत मुलीच्या शाळेनं बोलावलं होतं. मी गेले नाही, नवऱ्याला भाषा येत नव्हती, तो एकटा जाऊन सही करून आला आणि तिला एक वर्ग खाली बसवलं. गणितात ती वर्गाच्या पुढे होती हो! भाषा येत नाही म्हणून गप्प बसायची, त्यावर बाईंनी लिहिलं की लक्ष देत नाही. तो कागद अजून माझ्याकडे आहे. ती आता १८ची आहे, छान शिकतेय, पण वर्गात हात वर करत नाही, आणि मी त्या दिवशी लॅबमध्ये पिल्लं मोजत होते हे मला अजून गिळता येत नाही.

एकटेपणाचं विचारलंत. येतो, पहिला हिवाळा जड जातो, मग जमतं.

खरं खुपतं ते वेगळंच. आपल्या विषयाला एका जागी वर्षानुवर्षं बसावं लागतं. जपानमधला मिनामाताचा आजार १९५६मध्ये नोंदला गेला, मिथाइल मर्क्युरी (पाऱ्याचं विषारी संयुग) हे कारण तिथल्या सरकारनं मान्य करायला १९६८ उजाडलं. अमेरिकेतल्या सिएटलच्या आसपासच्या ओढ्यांत पावसानंतर कोहो सामन जातीचे मासे अंडी घालायच्या आधीच मरतात हे १९९०च्या दशकापासून दिसत होतं, टायरमधल्या रसायनापासून तयार होणारं ६पीपीडी-क्विनोन त्याला कारणीभूत आहे हे २०२०मध्ये कळलं. लोक त्या ओढ्यांकाठी टिकून राहिले म्हणून सापडलं. मी मात्र ग्रँट जिकडे तिकडे गेले, आधी मायक्रोप्लास्टिक, मग पीफास (निसर्गात सहजी न विघटणारी रसायनं). पेपर झाले, कायम नोकरीही मिळाली. पण ज्या नदीच्या गाळापासून सुरुवात केली तिथं माझ्यानंतर कुणी सॅम्पल घेतल्याचं मला कुठे दिसलं नाही, आणि ती सोडल्याचं मला वाईट वाटतं.

जाऊ नका असं नाही म्हणत, मी पुन्हा गेलेच असते बहुतेक. फक्त जॉइनिंगची तारीख शाळा सुरू व्हायच्या १ महिना आधीची मागा, तुमच्या नदीवर दरवर्षी सॅम्पल घेणारा एक विद्यार्थी मागे ठेवता येतो का बघा, आणि मुलगी शाळेत रुळेपर्यंत ती २१ दिवसांची टेस्ट लावू नका.