बॉनेट दुमडलं, काच फुटली, तरी एअरबॅग का उघडल्या नाहीत?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पारोळा-एरंडोल रस्त्यावर रात्री गाडी कापसाच्या ट्रॉलीला मागून धडकली. बॉनेट दुमडलं, समोरची काच फुटली, पण एअरबॅग उघडल्या नाहीत. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात सिस्टीम ठीक आहे. मग खोटं कोण बोलतंय? शिवाय आता पुढे लोखंडी गार्ड बसवावा का?

भाऊ, कदाचित कोणीच खोटं बोलत नाहीये. मी धुळ्यात गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. कापसाचा सीझन सुरू झाला की ट्रॉलीखाली घुसलेल्या गाड्या आमच्याकडे येतातच.

पत्रा किती चेपला हे एअरबॅगच्या कंट्रोल युनिटला कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच, की गाडीचा वेग किती झटक्यात तुटला. हे युनिट म्हणजे बहुतेक गाड्यांत गिअरच्या दांड्याच्या आसपास, मधोमध फ्लोअरला बोल्टने आवळलेली छोटी डबी. कन्सोल खोललं तर तिच्यावर बाण दिसतो, तो गाडीच्या तोंडाकडेच हवा. आतली चिप झटका मोजत असते. बऱ्याच गाड्यांत रेडिएटरजवळही सेन्सर असतो. खड्ड्यातला दणका आणि खरी धडक यांतला फरक युनिट त्या झटक्याचा जोर आणि तो किती वेळ टिकला यावरून ओळखतं. जोरदार समोरासमोर धडकेत हा निर्णय साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत होतो. मग करंट जातो, इन्फ्लेटरमधलं, म्हणजे पिशवी फुगवणाऱ्या डबीतलं, रसायन पेटतं आणि पुढच्या ३० मिलिसेकंदांच्या आसपास पिशवी भरते. रसायन पूर्वी सोडियम अझाइड असायचं, आता बहुतेक ग्वानिडीन नायट्रेट; भरणारा वायू मुख्यतः नायट्रोजन. डोकं टेकलं की मागच्या भोकांतून तो निघून जातो, म्हणून पिशवी मऊ लागते. धडकेत बॅटरीची वायर तुटली तरी युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये एवढ्या कामापुरता करंट साठवलेला असतो.

आता तुमची ट्रॉली. गाडीच्या पुढच्या भागात, बंपरच्या मागे, दोन मजबूत दांडे असतात. धडक त्यांच्यावर आली की वेग एकदम तुटतो आणि युनिटला स्पष्ट सिग्नल मिळतो. ट्रॉलीचा फाळका, म्हणजे मागची फळी, त्यांच्या वर असतो. बंपर खालून निघून जातो, मार बॉनेटवर आणि काचेवर येतो. बॉनेटचा पातळ पत्रा दुमडत दुमडत गाडी थांबते. नुकसान भयंकर दिसतं, पण युनिटच्या हिशेबात झटका मर्यादेच्या खालीच राहतो. मला याच अपघातांची सगळ्यात जास्त धास्ती वाटते, कारण फाळका थेट डोक्याच्या उंचीवर येतो आणि तिथे एअरबॅगचा फारसा उपयोगही नसतो. मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रात्री रस्त्यावर आणणाऱ्याला गावातल्यांनीच अडवलं पाहिजे.

तरी सर्व्हिस सेंटरच्या तोंडी उत्तरावर थांबू नका. समोर उभं राहून स्कॅनर लावायला सांगा आणि युनिटमधले फॉल्ट कोड व धडकेची नोंद यांची प्रिंट मागा. 'उघड' असा हुकूम गेल्याची नोंद असेल आणि पिशवी उघडली नसेल, तर तो सरळ दोष आहे; तक्रार लेखी द्या.

दुसरं, चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर संशय घ्या, विशेषतः गाडी सेकंडहँड असेल तर. एकदा उघडलेली एअरबॅग नवी टाकायला खर्च येतो, म्हणून काही जण तिच्या जागी रेझिस्टन्स जोडतात आणि युनिटला वाटतं पिशवी जागेवर आहे. कव्हर नवंकोरं, आत काही नाही. अशी गाडी मी स्वतः खोलून पाहिली आहे, आणि त्यात मागच्या सीटवर लेकरं बसत होती.

तिसरं, बेल्टचा आवाज बंद करायला बकलमध्ये नुसती क्लिप तर अडकवली नव्हती ना? काही गाड्यांत बेल्ट लावलेला आहे की नाही यावर एअरबॅग कधी उघडायची ते ठरतं. क्लिप असली की युनिट फसतं, आणि बेल्टशिवाय पुढे फेकलेलं अंग फुगत्या पिशवीवरच आदळतं. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना या क्लिपा काढून टाकायला लावल्या, तरी रस्त्याकडेच्या दुकानांत त्या अजून मिळतात.

गार्डचं उत्तर: नको. तो थेट त्याच दांड्यांना जोडतात, त्यामुळे झटक्याचा सिग्नल बदलतो. कंपनीने चाचण्या करून ठरवलेला हिशेब त्याने बिघडतो आणि एअरबॅग उशिरा किंवा नको तेव्हा उघडू शकते. शिवाय पायी चालणाऱ्याला तो जीवघेणा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं होतं. तेच पैसे पुढचा सेन्सर आणि त्याचा ब्रॅकेट तपासून घेण्यात घाला. बंपर बदलताना तो ब्रॅकेट वाकडा राहिलेला बऱ्याचदा सापडतो.