पाम रोपवाटिकेत तणनाशक: पिशव्यांच्या मधल्या जमिनीवर चालतं, पिशवीत जपून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाम रोपांच्या पिशव्यांमध्ये आणि पिशव्यांच्या मधल्या जागेत तण माजलंय, खुरपणीला माणसं पुरत नाहीत, तर रोपांवरूनच मारून टाकता येईल असं एखादं तणनाशक आहे का?

सगळं तण मारून पामला धक्का न लावणारं औषध नाही. रोपांवरून मारता येतात ती फक्त गवतनाशकं, आणि तीसुद्धा आधी चाचणी घेऊन. पिशव्यांच्या मधल्या जमिनीवर तणनाशकाने काम छान हलकं होतं. पिशवीच्या तोंडावर मात्र हात आणि आच्छादन हेच खरं, असं माझं मत आहे.

याचं कारण पामच्या बांध्यात आहे. गुलाबाचा किंवा लिंबाचा शेंडा जळला तर खालच्या डोळ्यातून फुटवा येतो. पामला, गुच्छाने वाढणाऱ्या काही जाती सोडल्या तर, वाढीचा शेंडा एकच, आणि तो पानांच्या देठांच्या मधोमध खोल बसलेला. रोपाची पानं नरसाळ्यासारखी रचलेली असतात. वरून पडलेला थेंब पानावर न थांबता घरंगळत थेट गाभ्यात जातो. शिवाय पुढची कित्येक पानं त्या गाभ्यात आधीच तयार होत असतात. आज लागलेलं औषध आजच्या पानावर दिसेलच असं नाही. दोन-तीन महिन्यांनी उघडणारं पान आखूड, चुरगळलेलं, पात्या एकमेकींना चिकटलेल्या असं बाहेर येतं, आणि तोवर फवारणी कोणाच्या लक्षातही नसते.

म्हणून पहिला टप्पा पिशव्या मांडण्याच्या आधीचा. जागा मोकळी असते तेव्हाच तणाचा निकाल लावणं सगळ्यात सोपं. जमीन सपाट करा, पाणी द्या, दहा ते चौदा दिवस तण उगवू द्या आणि मग ग्लायफोसेट मारा. ४१ टक्क्यांचं ग्लायफोसेट वर्षायू तणांसाठी लिटरला १० मिलीच्या आसपास पुरतं. हराळी आणि लव्हाळ्याला जास्त लागतं, लेबलवर दिलेल्या मर्यादेत. पाणी गढूळ असेल तर ग्लायफोसेट मातीच्या कणांना चिकटून निकामी होतं. पाणी जड (क्षारांचं) असेल तर टाकीत आधी अमोनियम सल्फेट विरघळवा, १०० लिटरला १ ते २ किलो, आणि मगच औषध घाला. हराळीवर मारल्यानंतर निदान दोन आठवडे जमीन उकरू नका, औषध खालच्या धावत्या खोडापर्यंत पोचायला वेळ लागतो. पुन्हा फुटलेल्या हराळीवर दुसरा हात मारून मग विणलेलं ग्राउंड कव्हर अंथरा. साधा पातळ प्लॅस्टिक कागद लव्हाळ्यापुढे टिकत नाही. त्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो आणि कागद भोकसून वर येतो. पिशवीच्या तळातूनही तो असाच आत शिरतो, आणि एकदा आतल्या मातीत त्याच्या गाठी झाल्या की ती पिशवी तणमुक्त करणं जवळजवळ अशक्य.

पिशव्या मांडल्यानंतर मी ग्लायफोसेट बंद करायला सांगेन. अनेक जण हूड, म्हणजे नोझलभोवतीचं झाकण, लावून वापरतात, पण बुंध्याचा भाग हिरवा असतो, आणि एका वाऱ्याच्या झुळकीने पूर्ण ओळ बिघडते. त्याऐवजी मधल्या जागेत ग्लुफोसिनेट अमोनियम बरं. ते मुख्यतः जिथे पडेल तिथेच जाळतं, झाडात फारसं फिरत नाही. चुकून पानावर थेंब उडाला तर तेवढा डाग पडेल, गाभा बहुधा वाचेल. त्याला कोवळं तण, नीट भिजवण आणि चांगलं ऊन हवं. ढगाळ, थंड हवेत ते सुस्त पडतं. पॅराक्वाटही स्पर्शजन्यच आहे, पण ते पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. अनेक देशांत त्यावर बंदी आहे, आणि रोज माणसं वावरतात अशा रोपवाटिकेत मी ते ठेवणार नाही.

फवारणीची अवजारं औषधाइतकीच महत्त्वाची. धुकं करणारं पोकळ शंकूचं नोझल काढून टाका, सपाट पंख्याचं लावा, दाब एक-दीड बारच्या पुढे नेऊ नका. थेंब जाड पडले पाहिजेत. नोझलभोवती हूड आणि हूडची कड जमिनीलगत. वारा पानं हलवत असेल तर काम थांबवा. अगदी पहाटेची निपचित हवाही फसवी असते, बारीक थेंब खाली न बसता तरंगत राहतात. आणि तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, त्यावर लाल रंगाचा पट्टा मारा. २,४-डी हे तणनाशक वापरलेल्या पंपातून कीटकनाशक मारलं आणि रोपं पिळवटली, ही चूक टाळण्यासारखी आहे. तीनदा धुतल्यानंतरही नळीत आणि गास्केटमध्ये अंश राहतो. इमाझापायर हे तणनाशक तर रोपवाटिकेच्या कुंपणापाशीही नको: ते मुळांतून शोषलं जातं आणि जमिनीत बराच काळ टिकतं.

मात्रा मोजताना जी चूक होते ती अशी. लेबलवर मात्रा हेक्टरला दिलेली असते, पण तुम्ही अख्खा हेक्टर फवारत नाही. समजा पिशव्या ९० सेंमीवर त्रिकोणी मांडणीत आहेत. एका रोपाच्या वाट्याला साधारण ०.७० चौरस मीटर जागा येते. २५ सेंमी व्यासाची पिशवी आणि तिच्याभोवती १० सेंमीचं कोरडं कडं सोडलं तर ०.१६ चौरस मीटर जागा वगळली जाते. म्हणजे प्रत्यक्ष फवारली जाणारी जागा एकूण जागेच्या ७७ टक्के, आणि औषधही तेवढ्याच जागेचं मोजायचं. पंपाचं माप असं काढा: १०० चौरस मीटर जागेवर नुसतं पाणी नेहमीच्या चालीने फवारा. ४ लिटर लागलं तर हेक्टरला ४०० लिटर. लेबल हेक्टरला १ लिटर औषध म्हणत असेल तर लिटरला २.५ मिली, आणि १६ लिटरच्या टाकीला ४० मिली. झाकणाने अंदाजे ओतणाऱ्यांच्या टाकीत याच्या दुप्पट सहज जातं.

आता रोपांवरून मारता येतं त्याबद्दल. फ्लुअझिफॉप-पी-ब्युटाइल, क्लेथोडिम, सेथॉक्सिडिम ही गवतनाशकं गवतातल्या मेद तयार करणाऱ्या एका विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतात. पाम एकदल असला तरी गवतांच्या कुळातला नाही, त्यामुळे बहुतेक पाम ती सहन करतात. फ्लुअझिफॉपची मात्रा बहुधा हेक्टरला १२५ ते २५० ग्रॅम क्रियाशील घटक एवढी असते. तुमच्या डब्यावर लिहिलेली मात्रा शेवटची. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, लव्हाळा हा गवत नाही, घोळ, आंबुटी, दुधी (चिकाचं तण) तर नाहीतच. यांच्यावर काही परिणाम होणार नाही. दोन, पामला औषधापेक्षा त्यात मिसळलेलं तेल जास्त जाळतं. कडक उन्हात तेलयुक्त चिकटद्रव्य घालून मारलं तर पानांवर पिवळसर ठिपके पडतात, म्हणून ऊन उतरल्यावर मारा आणि बुरशीनाशक किंवा पानांवरचं खत त्यात मिसळू नका. तीन, गवत तीन ते पाच पानांचं आणि पाणी मिळालेलं हवं. तहानलेलं गवत औषध नीट घेत नाही.

परिणाम दिसायला आठवडा जातो, पूर्ण सुकायला दोन-तीन आठवडे. तिसऱ्याच दिवशी 'काही झालं नाही' म्हणून पुन्हा मारू नका. सहाव्या-सातव्या दिवशी गवताचं मधलं पान चिमटीत धरून हलकेच ओढा. ते अलगद निघून आलं आणि त्याचं बूड तपकिरी, कुजकं असलं, तर औषध लागलंय. घट्ट असलं आणि बूड पांढरं-हिरवं असलं तर लागलेलं नाही. नाचणीसारखं कणीस येणाऱ्या इल्युसिन इंडिका या गवताकडे विशेष लक्ष द्या. ग्लायफोसेटला दाद न देणारे त्याचे प्रकार १९९७ मध्येच मलेशियात आढळले होते, आणि गवतनाशकांना न जुमानणारेही आहेत. एकाच औषधावर वर्षानुवर्षं राहिलात तर मागे उरेल ते हेच.

पिशवीच्या तोंडावर उगवणपूर्व, म्हणजे तण उगवण्याआधी टाकायचं, दाणेदार औषध टाकण्याचा मोह होतो. यात दोन वेगळे धोके आहेत. ऑक्साडायझॉन किंवा ऑक्सिफ्लोरफेनचे दाणे पानांच्या बेचक्यात अडकले की तिथे पाणी पडताच पेशी भाजतात. म्हणून पानं कोरडी असताना टाका आणि लगेच वरून पाणी देऊन दाणे खाली धुऊन काढा: १२ मिमी पाणी, म्हणजे २५ सेंमीच्या पिशवीला अर्ध्या लिटरहून थोडं जास्त. ऑक्सिफ्लोरफेन बंदिस्त पॉलीहाउसमध्ये तर नकोच, त्याची वाफ कोंडून पानं करपतात. दुसरा धोका पेंडिमेथालिन, ट्रायफ्लुरालिन, ओरायझालिन या गटाचा. ही औषधं मुळांच्या टोकांवरचं पेशीविभाजन थांबवतात आणि वरच्या दोन-तीन सेंमी मातीत बसून राहतात. पामची नवी मुळं बुंध्यातून निघून नेमकी याच थरातून खाली उतरतात. मग मुळं जाडजूड, गदेसारखी होऊन तिथेच अडतात. वरून रोप हिरवं दिसतं, पण बुंधा धरून हलवला की डुगडुगतं. मेटोलाक्लोरनेही पामची नवी पानं वेडीवाकडी झाल्याचं आढळलंय, तेही टाळा.

तरी दाणेदार टाकायचंच असेल तर निदान मोजून. लेबल हेक्टरला २०० किलो म्हणत असेल तर चौरस मीटरला २० ग्रॅम. २५ सेंमी तोंडाच्या पिशवीला येतो फक्त १ ग्रॅम. एक ग्रॅम काट्यावर मोजून तळहातावर घेऊन बघा, ती जेमतेम एक चिमूट भरते. माणसं मूठ टाकतात.

लहान पिशव्यांतल्या, म्हणजे पहिल्या तीन-चार महिन्यांच्या रोपांजवळ कोणतंच तणनाशक नको. तिथे पिशव्या एकमेकींना चिकटून असतात, मध्ये फवारायला जागाच नसते. या वयात खुरपणाऱ्याला रोप ओळखायला शिकवणं जास्त गरजेचं. खजुराचं पहिलं पान अखंड, अरुंद पट्टीसारखं असतं, अगदी गवताच्या पात्यासारखं, आणि तण म्हणून उपटलं जातं. बोटांनी चेपून बघायला सांगा: पामचं पान जाड, चिवट, लांबीला घडी पडलेलं लागतं.

मोठ्या पिशव्यांत नारळाच्या सोडणाचे तुकडे, भाताचं तूस किंवा तेलताडाच्या बियांची कवचं यांचा ३ ते ४ सेंमीचा थर द्या, बुंध्यापासून दोन बोटं लांब. उजेड न मिळाल्याने बारीक बियांचं तण बरंचसं उगवतच नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी, पाणी दिल्यानंतर, हाताने उपटा. आंबुटी आणि दुधीची बोंडं फुटून बी शेजारच्या पिशवीत उडतं, त्यामुळे फुलावर येण्याआधीच काढा. तण मोठं झालं असेल तर उपटू नका, रोपाची मुळं सोबत येतात, बुडाशी कापा.

नवं औषध आणलंत तर आधी वीस रोपांवर मारून बघा, शेजारी वीस तशीच ठेवा, आणि त्यानंतर दोन नवी पानं पूर्ण उघडेपर्यंत थांबा. रोपांची पानं सुरुवातीला महिन्याला एखादंच येतं, म्हणजे हे दोन-तीन महिन्यांचं काम आहे. पंधरा दिवसांत 'काही झालं नाही' म्हणून अख्ख्या प्लॉटवर मारणं म्हणजे चाचणी न घेतल्यासारखंच. औषधाला तुमच्या देशात रोपवाटिकेसाठी परवानगी आहे का, तेही लेबलवर पाहा.

नुकसान झाल्यासारखं वाटलं तर आधी ते कुठे आहे ते बघा. ग्लायफोसेटचा फटका आणि बोरॉनची कमतरता दोन्हींत नवं पान आखूड आणि चुरगळलेलं येतं. पण फवारणीचं नुकसान वाटेच्या कडेने, वाऱ्याच्या बाजूला, ओळीने दिसतं. बोरॉनचं प्लॉटभर विखुरलेलं. ओळख न पटताच बोरॉन ओतू नका, त्याची जास्त मात्रा विषारीच. जुन्या पानांच्या कडा आणि शिरांमधला भाग आधी पिवळा पडला तर जमिनीतल्या डाययुरॉन किंवा अॅट्राझिन या तणनाशकांवर संशय घ्या: पिशवीच्या तळाच्या भोकांतून जमिनीत घुसलेल्या मुळांनी ते उचललेलं असतं. अशी पिशवी हलवून स्वच्छ जागेत ठेवा. ग्लायफोसेटचा थेंब पानावर पडताना दिसला तर त्याच मिनिटाला भरपूर पाण्याने धुवा, संध्याकाळी धुऊन उपयोग नाही. बिघडलेलं रोप लगेच फेकू नका; दोन नवी पानं येऊ द्या. दुसरं पान पहिल्यापेक्षा सरळ आणि मोठं आलं तर रोप सावरतंय. तेही तसंच आखूड आलं तर काढून टाका, लागवडीला देऊ नका.