३४ नंबर हर्शेल वॉकरचा, आणि ४४चं माप अर्नी डेव्हिसच्या पदरात

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये प्रत्येक जर्सी नंबरासाठी एकच सर्वश्रेष्ठ खेळाडू निवडायचा, तर सगळ्यात अवघड नंबर कोणता आणि तिथे तुमचं मत कुणाला?

सगळ्यात अवघड ३४, आणि माझं मत हर्शेल वॉकरला. पण लोक जिथे फारसा विचार न करता निकाल देऊन मोकळे होतात आणि तो निकाल मला अन्यायाचा वाटतो, तो नंबर ४४. म्हणून या दोन्हींवर सविस्तर लिहितो, बाकीचे भरभर.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा, धडकाधडकीचा खेळ. चेंडू हातात घेऊन समोरच्या भिंतीतून वाट काढत पळणारा तो रनिंग बॅक, आणि तो किती यार्ड पुढे गेला यावर त्याची किंमत ठरते. वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला हाइजमन ट्रॉफी मिळते. मोठ्या खेळाडूचा नंबर त्याचं विद्यापीठ निवृत्त करतं, मग तो पुन्हा कुणाला मिळत नाही. सचिनचा १० नंबर २०१७ मध्ये शार्दूल ठाकूरने घातला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. अमेरिकेतल्या कॉलेजांत या भावना पिढ्यान् पिढ्या मुरलेल्या आहेत.

आता नियम. माझा एकच आहे आणि तो मी कडक पाळतो. त्या खेळाडूने त्या नंबरात, कॉलेजच्या मैदानावर, शनिवारी म्हणजे कॉलेजच्या सामन्यांच्या दिवशी जे केलं तेवढंच मोजायचं. पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, त्याने काय दिवे लावले ते बाजूला ठेवायचं. ऐकायला सोपं आहे, पण निम्मे वाद इथेच बिघडतात. अर्ल कॅम्पबेलचं नाव लोक सर्रास ३४ मध्ये घालतात, कारण ह्यूस्टन ऑयलर्सकडून तो ३४ घालायचा. टेक्सास विद्यापीठात तो २० नंबरचा खेळाडू होता. त्याचा वाद २० मध्येच व्हायला हवा.

तर ३४. इथे तीन नावं आहेत आणि तिघांकडेही हाइजमन आहे: जॉर्जियाचा हर्शेल वॉकर (१९८२), ऑबर्नचा बो जॅक्सन (१९८५) आणि टेक्सासचा रिकी विल्यम्स (१९९८). तिन्ही विद्यापीठांनी ३४ नंबर निवृत्त केलाय.

नुसते आकडे पाहिले तर रिकी पुढे आहे. चार वर्षांत ६,२७९ यार्ड. टोनी डॉर्सेटचा ६,०८२ यार्डांचा विक्रम बावीस वर्षं टिकला होता. १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये टेक्सास ए अँड एम विरुद्ध रिकीने तो मोडला तोही ६० यार्ड पळत जाऊन, थेट टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं) करत. त्याच मोसमात ओक्लाहोमाविरुद्ध तो ३४ ऐवजी ३७ नंबर घालून उतरला होता, कॉलेजात ३७ घालणाऱ्या आणि नुकत्याच वारलेल्या जुन्या खेळाडूच्या, डोक वॉकरच्या आठवणीसाठी. मला हा माणूस फार आवडतो. पण त्याच्या काळात टेक्सासचा संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या जवळपासही नव्हता. १९९७ मध्ये तर चार सामने जिंकले आणि सात हरले.

बो जॅक्सनच्या बाजूचा मुद्दा वेगळा आणि भक्कम आहे. प्रत्येक धावेमागे सरासरी ६.६ यार्ड. वॉकरची सरासरी ५.३ च्या आसपास येते. हा फरक मोठा आहे. शिवाय १९८२ चा अलाबामाविरुद्धचा सामना: गोलरेषा एका यार्डावर, शेवटची संधी, आणि पहिल्या वर्षाचा बो बचावपटूंच्या ढिगावरून उडी मारून पलीकडे. ऑबर्न २३-२२ ने जिंकलं, अलाबामाविरुद्धची सलग नऊ पराभवांची साखळी तुटली. ऑबर्नच्या माणसासमोर हा सामना नुसता काढा, तो पुढची गोष्ट स्वतःच सांगेल.

तरीही माझं मत वॉकरला, आणि त्याचं कारण दोन सामन्यांत दिसतं.

पहिला सामना ६ सप्टेंबर १९८०, नॉक्सव्हिल, टेनेसी. राइट्सव्हिल नावाच्या छोट्या गावातून आलेला अठरा वर्षांचा पोरगा, कॉलेजमधला पहिलाच सामना, प्रतिस्पर्ध्याचं मैदान, ९० हजारांवर प्रेक्षक. जॉर्जिया १५-२ ने मागे. वॉकर सुरुवातीच्या अकरांत नव्हता, त्याला नंतर आत पाठवलं. गोलरेषेच्या अलीकडे टेनेसीचा बिल बेट्स त्याच्या समोर नीट पवित्रा घेऊन उभा राहिला. वॉकरने डावं-उजवं काही केलं नाही, सरळ त्याच्या अंगावरून गेला. बेट्स पाठीवर आडवा, वॉकर गोलरेषेपार. हा बेट्स काही लेचापेचा नव्हता, पुढे डॅलस काउबॉइजकडून पंधरा मोसम खेळला. वॉकरने त्या दिवशी आणखी एक टचडाउन केला आणि जॉर्जिया १६-१५ ने जिंकलं. त्याच्या एकूण यार्डांकडे पाहिलं तर तो सामना साधा वाटेल, शंभरही नव्हते. पण प्रशिक्षकांपासून प्रतिस्पर्ध्यांपर्यंत सगळ्यांना त्या दिवशी कळलं की आता हिशोब बदलला.

दुसरा सामना त्याच मोसमाचा शेवटचा, १ जानेवारी १९८१, शुगर बोल (मोसमानंतरच्या मोठ्या सामन्यांना ‘बोल’ म्हणतात), समोर नोत्र दाम. सुरुवातीलाच वॉकरचा खांदा निखळला. तो बसवून घेऊन पुन्हा आत आला. ३६ वेळा चेंडू घेऊन धावला, १५० यार्ड, दोन टचडाउन, १७-१० ने विजय आणि राष्ट्रीय विजेतेपद. आता इथे नीट बघा: संपूर्ण जॉर्जिया संघाचे मिळून एकूण यार्ड त्याच्या एकट्याच्या १५० पेक्षा कमी होते. बाकीचे मागे ढकलले गेले तेवढे वजा झाले म्हणून. क्वार्टरबॅकने, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूने, पूर्ण दिवसात एकच पास पूर्ण केला. म्हणजे नोत्र दामच्या अकराही जणांना ठाऊक होतं की चेंडू कुणाकडे जाणार आहे, आणि तरी त्यांना तो थांबवता आला नाही. बोच्या ६.६ समोर वॉकरच्या ५.३ चं वजन करताना हे धरलंच पाहिजे. ज्याच्यासाठी सगळा बचाव दाटीवाटीने उभा असतो त्याची सरासरी खाली येणारच.

आणि हे १५० यार्ड त्याच्या ५,२५९ मध्ये नाहीत. बोल सामन्यांचे आकडे अधिकृत नोंदीत धरायला २००२ पासून सुरुवात झाली. जुन्या आणि नव्या खेळाडूंची तुलना करणाऱ्या बहुतेकांना हे माहीत नसतं. ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सचा (२१ नंबर, १९८८) २,६२८ यार्डांचा विक्रमसुद्धा असाच. हॉलिडे बोलचे २२२ मिळवले तर तो २,८५० होतो.

वॉकर तीनच वर्षं खेळला. हाइजमनच्या मतदानात तिसरा, मग दुसरा, मग पहिला. त्या तीन मोसमांत जॉर्जियाने ३३ सामने जिंकले, तीन हरले. तीन वर्षांत ५,२५९ यार्ड करणारा चौथं वर्ष खेळला असता तर रिकीला मोडायला दुसराच विक्रम समोर असता. पण हे झालं जर-तर, ते मी मोजत नाही. जे झालं तेवढंच पुरेसं आहे.

आता ४४. हा नंबर म्हणजे सिरॅक्यूज विद्यापीठ. मी तिथे शिकलोय, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे. विद्यापीठातून येणाऱ्या पत्रांवर पिनकोड असायचा १३२४४ आणि कार्यालयांचे फोन ४४३ ने सुरू व्हायचे. शेवटच्या त्या ४४ चा अर्थ मला तिथल्या एका वयस्कर ग्रंथालय कर्मचाऱ्याने सांगितला आणि मी तेव्हापासून या तिघांबद्दल वाचत आलोय: जिम ब्राउन, अर्नी डेव्हिस, फ्लॉइड लिटल.

कुणालाही विचारा, ४४ म्हणजे जिम ब्राउन असंच उत्तर येईल. कारण उघड आहे. क्लीव्हलँड ब्राउन्सकडून नऊ मोसम, त्यात आठ वेळा लीगमध्ये सर्वाधिक यार्ड. पण ते सगळं ३२ नंबरात, एनएफएलमध्ये. माझ्या नियमाने ते बाहेर.

कॉलेजमधला ब्राउनही अफाट होता, यात वादच नाही. १९५६ मध्ये कोलगेटविरुद्ध त्याने एकट्याने ४३ गुण केले: सहा टचडाउन आणि सात वेळा किक मारून जादा गुण. त्या वर्षीची हाइजमन मात्र नोत्र दामच्या पॉल हॉर्नंगला गेली, ज्याचा संघ दोन जिंकून आठ हरला होता. ब्राउन पाचवा. तो कृष्णवर्णीय होता आणि तोवर एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला ही ट्रॉफी मिळालेली नव्हती, एवढं लक्षात घेतलं की त्या निकालाचा अर्थ कळतो.

पाच वर्षांनी, १९६१ मध्ये, ती पहिल्यांदा मिळाली अर्नी डेव्हिसला. ४४ घालून, ज्याला सिरॅक्यूजला यायला ब्राउननेच गळ घातली होती त्या मुलाला. आणि त्याने ब्राउनला मैदानावरही मागे टाकलं: ब्राउनचे २,०९१ यार्ड, डेव्हिसचे २,३८६. सरासरी ६.६, म्हणजे बो जॅक्सनइतकीच. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता यायचं नाही (ही मुभा १९७२ पासून), त्यामुळे दोघांनाही तीनच मोसम मिळाले. तुलना सरळ आहे.

विजेतेपदही डेव्हिसकडे. १९५९ चा सिरॅक्यूज संघ एकही सामना हरला नाही. डॅलसमधल्या कॉटन बोलमध्ये टेक्सासला २३-१४ ने हरवलं, त्यात डेव्हिसने ८७ यार्डांचा टचडाउन केला आणि सामन्याचा मानकरी ठरला. त्या रात्रीच्या मेजवानीत कृष्णवर्णीय खेळाडूंना सांगण्यात आलं की बक्षीस घ्या आणि निघा. सामन्याच्या मानकऱ्याला! मी हे वाचलं तेव्हा संतापाने पुस्तक मिटून ठेवलं होतं.

१९६२ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएलचे संघ कॉलेजमधले खेळाडू निवडतात तेव्हा) तो सगळ्यात पहिला निवडला गेला. त्याच उन्हाळ्यात रक्ताचा कर्करोग निघाला. १८ मे १९६३ रोजी तो गेला, वय २३. एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. म्हणून लोकांच्या आठवणीत ब्राउन मोठा झाला आणि डेव्हिस त्याच्या सावलीत गेला. पण प्रश्न कॉलेज फुटबॉलचा असेल तर हाइजमन, विजेतेपद आणि यार्ड, तिन्ही डेव्हिसकडे आहेत. ४४ त्याचाच.

बाकीच्यांचं पटकन सांगतो. ७७ इलिनॉयच्या रेड ग्रेंजचा. १९२४ मध्ये मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत चार टचडाउन. ४५ ओहायो स्टेटच्या आर्ची ग्रिफिनचा, दोनदा हाइजमन मिळवणारा तो एकटाच. २ नंबरात डीऑन सँडर्स, कॅम न्यूटन, जॉनी मंझील, डेरिक हेन्री अशी रांग आहे, पण मी १९९७ च्या मिशिगनच्या चार्ल्स वुडसनला निवडतो, कारण मुख्यतः बचावात खेळून हाइजमन मिळवणं त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं.

३४ च्या खालोखाल भांडण होतं ते २० वर. इथे पाच हाइजमन आहेत: बिली कॅनन, माइक गॅरेट, जॉनी रॉजर्स, अर्ल कॅम्पबेल, बिली सिम्स. लुइझियानात कॅननच्या १९५९ मधल्या ८९ यार्डांच्या पंट रिटर्नबद्दल (प्रतिस्पर्ध्याने किक मारून दूर धाडलेला चेंडू घेऊन उलट पळणं) आजही काल घडल्यासारखं बोलतात, आणि टेक्साससाठी कॅम्पबेल म्हणजे शेवटचा शब्द. मी नेब्रास्काच्या रॉजर्सला निवडतो. १९७१ मध्ये ओक्लाहोमाविरुद्ध त्याने ७२ यार्डांचा पंट रिटर्न केला नसता तर ३५-३१ चा तो विजय आणि दुसरं राष्ट्रीय विजेतेपद दोन्ही हातचं गेलं असतं. शेवटच्या सामन्यात, १९७३ च्या ऑरेंज बोलमध्ये, त्याने नोत्र दामविरुद्ध तीन टचडाउन धावून केले, एक झेलून केला आणि एकासाठी स्वतः पास फेकला. कॅम्पबेल जास्त ताकदीचा होता हे मान्य, पण मैदानावर इतक्या वेगवेगळ्या कामांत इतकं पुढे असलेला दुसरा २० नंबर मला सापडत नाही. तुमचा कौल कॅम्पबेलला असेल तर त्याच्या फक्त टेक्सासच्या वर्षांवरून मुद्दा मांडा, मी जरूर ऐकेन.