नागपूरच्या उन्हात टाकीतली स्पिरुलिना पिवळट का पडते?

गच्चीवरच्या टाकीतली स्पिरुलिना, म्हणजे खाण्यासाठी वाढवतात ते सूक्ष्म निळं-हिरवं शेवाळ, मे महिन्यात पिवळी पडली, असं तुम्ही म्हणताय. बहुतेक ऊन आणि नत्र, दोन्ही एकदम नडलंय.

स्पिरुलिनाला साधारण 35 अंश मानवतात. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आपल्याकडे पारा 45 च्या आसपास. उथळ टाकीच्या पाण्यात तर दुपारी हात घालवत नाही. उजेड भरपूर असला की पेशीला तो पकडणारी रंगद्रव्यं फारशी लागत नाहीत, म्हणून ती हरितद्रव्य आणि निळं फायकोसायनिन दोन्ही कमी करते. त्यात फायकोसायनिन पडलं प्रथिन. पाण्यातलं नायट्रेट संपलं की पेशी तेच मोडून नत्र वापरते. निळी झाक गेली की मागची कॅरोटिनॉइड नावाची पिवळी रंगद्रव्यं उघडी पडतात.

गंमत म्हणजे हिमॅटोकॉकस नावाचं हिरवं शेवाळ वाढवणारे हाच छळ मुद्दाम करतात! नत्र तोडून, उजेड वाढवून हिरव्या पेशी लाल करतात, कारण त्यांना अ‍ॅस्टाझँथिन हे लाल रंगद्रव्य हवं असतं.

तुम्ही उलट करा. टाकीवर हिरवी जाळी दुहेरी बांधा, उडालेलं पाणी संध्याकाळी भरा, मग नायट्रेट द्या. सामू (pH) 9 ते 10.5 च्या आत आहे ना, तेही बघा.