नवी मातीची हंडी गॅसवर तडकू नये म्हणून काय करावे?

आपली नवी हंडी पहिल्याच दिवशी गॅसवर तडकली, तर त्याचा दोष कोल्हापुरातील शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतील कुंभाराला देण्यापूर्वी आचेकडे पाहावे. मातीत उष्णता सावकाश पसरते, त्यामुळे मोठ्या आचेवर बूड एकदम तापून प्रसरण पावते, काठ मात्र थंडच राहतो आणि भांड्याला चीर जाते. नवी हंडी दिवसभर पाण्यात बुडवून ठेवावी (आधी बुडबुडे येतात, ते थांबू द्यावेत), मग सुकवून तिच्यात तांदळाची पेज मंद आचेवर उकळावी, म्हणजे पेजेतील पिष्ट बारीक छिद्रांत बसते. तांबडा रस्सा करताना तापलेल्या हंडीत गार पाणी मुळीच ओतू नये. मटणाचा गरम अळणी रस्साच घालावा. साबण मातीत मुरतो, म्हणून घासायला राख आणि नारळाची शेंडी पुरे.