वर्गमित्राच्या वाढदिवसाला काय न्यायचं?

अमेरिकेत मूल किंडरगार्टनला जाऊ लागलं की शनिवार-रविवार आपले राहत नाहीत. वर्गात वीस-बावीस मुलं, आणि या वयात पुष्कळ घरांतून अख्ख्या वर्गाला आमंत्रण जातं. मराठी मंडळातल्या मित्रांची मुलं आणखी वेगळी. नव्याने आलेल्या, एका पगारावर चालणाऱ्या घराला हा खर्च खरोखर जाणवतो, आणि तसं बोलून दाखवायचा संकोचही वाटतो. तो संकोच आधी सोडा.

दुकानात जाण्यापूर्वी आकडा ठरवा. शाळेतल्या मित्रासाठी साधारण १५ ते २५ डॉलर खर्च करणारे बरेच असतात, पण विचार करून घेतलेली १० डॉलरची वस्तू अजिबात कमीपणाची नाही. इथे भेटी बहुधा पार्टीत उघडतच नाहीत, घरी नेऊन उघडतात. कोणी काय दिलं हे लिहून ठेवतात ते थँक यू कार्ड पाठवता यावं म्हणून. आहेराची वही काढून ‘त्यांनी इतकं दिलं होतं, मग आपण तितकं’ हा हिशेब वर्गाच्या पार्टीला लावायचं काहीच कारण नाही.

मला विचाराल तर लहान मुलांना वापरून संपणाऱ्या वस्तू द्याव्यात. प्रत्येक घरात प्लास्टिकच्या खेळण्यांचा ढीग आहे. रंग मात्र संपतात. क्रेयोलाचे धुतले जाणारे मार्कर, एक जाड चित्रकलेची वही आणि स्टिकरचं पान असं एकत्र बांधलं की भेट भरगच्च दिसते. हे सामान जुलै-ऑगस्टमध्ये घ्या. शाळा सुरू होण्याआधीच्या सेलमध्ये २४ क्रेयॉनचा डबा अनेकदा डॉलरच्या आत मिळतो. तेव्हाच पाच-सहा संच करून कपाटाच्या एका खणात ठेवले, की शुक्रवारी रात्री आठवण झाली तरी धावपळ होत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी पाण्याच्या ब्रशने रंगवायची पुस्तकं फार चांगली: पान वाळलं की चित्र पुसट होतं आणि पुन्हा रंगवता येतं, शिवाय सोफा खराब होत नाही. त्या घरची आई तुम्हाला दुवा देईल.

पुस्तकांसाठी शाळेतून येणारं स्कोलॅस्टिक या प्रकाशन कंपनीचं पत्रक रद्दीत टाकू नका. त्यात पेपरबॅक पुस्तकं थोडक्या डॉलरमध्ये मिळतात, आणि तुमच्या खरेदीवर शिक्षिकेला वर्गासाठी पुस्तकं घ्यायला पॉइंट मिळतात. सहा-सात वर्षांच्या मुलांना उनोचा पत्त्यांचा जोड द्या. स्वस्त आहे आणि सगळं घर खेळतं.

स्वस्ताच्या नादात सुरक्षिततेकडे मात्र दुर्लक्ष नको. खोक्यावर ‘तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही’ असा इशारा असेल, तर वाढदिवसाच्या मुलाला रांगतं भावंड आहे का हे आठवून बघा. पाण्यात फुगणारे रंगीत मणी आणि छोटे शक्तिशाली चुंबक देऊच नका. गिळले गेले तर आतड्यांना गंभीर इजा होते, शस्त्रक्रियेची वेळ येते. प्ले-डो या खेळायच्या मऊ रंगीत मातीत गहू असतो, म्हणून मुलाला गव्हाची ॲलर्जी नाही ना, हे विचारून घ्या. प्रेमाने केलेले शेंगदाण्याचे किंवा काजूचे लाडूही पार्टीला न विचारता नेऊ नका. इथे वर्गात एखाद्याला दाण्यांची ॲलर्जी असणं नवलाचं नाही.

भारतातून येताना काही आणायचं असेल तर सावंतवाडीची लाकडी फळं जरूर आणा. खोट्या दुकान-दुकानच्या खेळात ती कोणत्याही देशातल्या मुलाला आवडतात. फक्त रंगात शिसं नाही याची दुकानदाराकडून खात्री करून घ्या, आणि सगळं तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलांना ती देऊ नका.

मंडळातल्या घरांचं गणित निराळं. तिथे देणंघेणं वर्षानुवर्षं चालतं आणि वाटेल तसं हात आखडून चालत नाही. म्हणून चार-पाच कुटुंबांनी आधीच आपसात बोलून घ्यावं: प्रत्येकी १० डॉलर काढून मुलाला एकच स्कूटर किंवा मोठा लेगोचा डबा. कुणीतरी पहिल्यांदा विषय काढायला हवा, एवढंच. बहुतेकदा बाकीचेही त्याचीच वाट बघत असतात. मोठ्यांनी पाकिटात २१ डॉलर घालून दिले तरी हरकत नाही, पण पाच वर्षांच्या मुलाला पाकिटाचा आनंद होत नाही. सोबत एखादी छोटी वस्तू असू द्या.

आपलं मूल दुकानातून परतताना ‘हे मलाच हवं’ म्हणून रडत असेल, तर त्याला सगळं दुकान दाखवू नका. तुमच्या खणातल्या दोन वस्तू समोर ठेवा आणि मित्रासाठी त्यातली एक निवडायला सांगा. दुकानातून घेतलीच तर गिफ्ट रिसीट आठवणीने मागा. भेट दुहेरी आली तर त्यांना बदलून घेता येते आणि किंमतही कळत नाही. भेटीची पिशवी डॉलर ट्री या स्वस्त दुकानातली पुरते. आमंत्रणावर ‘नो गिफ्ट्स’ लिहिलं असेल, तर ते मनापासूनच लिहिलंय असं समजा आणि मुलाने स्वतः काढलेलं कार्ड घेऊन जा.